जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याचे फ्रेमवर्क) शिकताना व्हिडिओतला कोड जसाच्या तसा लिहूनही माझ्याकडे चालत नाही आणि दर वेळी प्रकल्प पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. काय करावे?

तुम्ही चार अडचणी सांगितल्या आहेत. जँगो इन्स्टॉल केलेले असूनही ‘मॉड्यूल सापडत नाही’ असे येते, लॉगआउटच्या लिंकवर क्लिक केले की 405 क्रमांकाची एरर येते, मॉडेलमध्ये (डेटाबेसमधल्या तक्त्याच्या कोडमधल्या वर्णनात) एक फील्ड वाढवल्यावर डेटाबेसमध्ये तो कॉलमच नाही अशी तक्रार येते, आणि डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद करताच पानाची सीएसएस (रंगरूप ठरवणारी फाइल) नाहीशी होते. माझ्या मते तुम्ही लिहिलेल्या ओळी बहुधा बरोबर आहेत. त्या जिथे चालायच्या, तिथली परिस्थिती मात्र व्हिडिओतल्यापेक्षा वेगळी आहे. म्हणून प्रकल्प पुसण्याची सवय आधी सोडा. पुसल्यावर एरर जाते हे खरे, पण ती कशामुळे आली हे सांगणारा पुरावाही तिच्याबरोबर जातो, आणि पुढच्या प्रकल्पात तीच एरर तुम्हाला पुन्हा गाठते.

सगळ्यात आधी आवृत्ती पाहा. जँगो 2005 साली सार्वजनिक झाले आणि तेव्हापासून त्यात सतत बदल होत आले आहेत, पण नेटवरचे जुने व्हिडिओ आहेत तसेच राहतात. डिसेंबर 2017 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीपासून फॉरेन-कीला (दुसऱ्या तक्त्याशी जोडणाऱ्या फील्डला) ‘ऑन-डिलीट’, म्हणजे जोडलेली नोंद पुसली तर काय करायचे ते, देणे सक्तीचे झाले. टेम्प्लेटमधला ‘लोड स्टॅटिकफाइल्स’ हा टॅग 3.0 मध्ये गेला, आणि यूआरएल फाइलच्या वर जुन्या व्हिडिओंत हमखास दिसणारे ‘यूआरएल’ नावाचे फंक्शन डिसेंबर 2021 च्या 4.0 मध्ये काढून टाकले गेले. त्याऐवजी आता ‘पाथ’ किंवा ‘री-पाथ’ वापरतात.

तुमचा 405 याच प्रकारातला आहे. पूर्वी लॉगआउटचा पत्ता साध्या लिंकने उघडला तरी जँगो वापरकर्त्याला बाहेर काढत असे. त्यात एक खरा धोका होता: एखाद्या परक्या पानाने चित्राचा पत्ता म्हणून तुमचा लॉगआउटचा पत्ता दिला, तर ते पान नुसते उघडल्यानेही माणूस तुमच्या साइटवरून लॉगआउट होऊ शकत होता. म्हणून 4.1 मध्ये ही पद्धत कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर 2023 च्या 5.0 पासून लॉगआउट फक्त पोस्ट विनंतीनेच (फॉर्म पाठवताना जाते तशा) होते. 405 चा अर्थच असा, की पत्ता बरोबर आहे, विनंतीचा प्रकार चालत नाही. लिंक काढून तिथे पोस्ट पद्धतीचा छोटा फॉर्म लिहा, त्यात सीएसआरएफ टोकनचा (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची खूण) टॅग घाला आणि एक बटण ठेवा. एवढ्याने काम होते. टोकन विसरलात तर 405 ऐवजी 403 (परवानगी नाही) येईल.

व्हिडिओ जुन्या आवृत्तीवरचा असेल तर दोन मार्ग आहेत: तीच आवृत्ती बसवून अभ्यास पुरा करायचा, किंवा नव्या आवृत्तीबरोबर जँगोचे स्वतःचे अधिकृत ट्युटोरियल वापरायचे. मी दुसरा सुचवेन. त्या पानावर आवृत्ती निवडण्याची सोय आहे, त्यामुळे तुमच्याकडे जी आहे तिचेच ट्युटोरियल समोर येते.

‘मॉड्यूल सापडत नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी एकाच कारणाने येते: लॅपटॉपवर पायथन एकापेक्षा जास्त आहेत, जँगो एकात बसले आहे आणि प्रोग्रॅम दुसरा चालवतो आहे. प्रकल्पासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरती पायथन आणि पॅकेजेसची वेगळी जागा) तयार करा आणि टर्मिनल नव्याने उघडाल तेव्हा दर वेळी ते ॲक्टिव्हेट करा. ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचे नाव दिसले पाहिजे. पिप (पॅकेज बसवणारे साधन) थेट न चालवता ‘पायथन डॅश एम पिप’ असे चालवा, म्हणजे ज्या पायथनने प्रोग्रॅम चालणार त्याच पायथनमध्ये पॅकेज बसते. टर्मिनलमध्ये सगळे चालते पण व्हीएस कोड इम्पोर्टखाली रेघ दाखवतो, असे झाले तर एडिटरमध्ये इंटरप्रिटर वेगळा निवडलेला आहे एवढेच समजा.

आता कॉलमची तक्रार, म्हणजेच मायग्रेशन: मॉडेलमधला बदल डेटाबेसपर्यंत नेण्याची पद्धत. तुमच्या चार अडचणींत ही सर्वांत समजून घेण्यासारखी आहे. इथे तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: मॉडेलची फाइल, मायग्रेशन फोल्डरमधल्या क्रमांक दिलेल्या फाइली, आणि प्रत्यक्ष डेटाबेस. ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा पहिल्या दोघींची तुलना करून नवी फाइल लिहिते आणि डेटाबेसमधल्या तक्त्यांना हात लावत नाही. ‘मायग्रेट’ त्या फाइली डेटाबेसवर चालवते, आणि कोणत्या चालवून झाल्या याची नोंद डेटाबेसमध्येच ‘जँगो-मायग्रेशन्स’ नावाच्या तक्त्यात ठेवते.

कोणीतरी तुम्हाला मायग्रेशन फाइली पुसून पुन्हा तयार करायला सांगितले आणि तुम्ही तसे केलेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यानंतर काय घडले ते पाहा. नवी फाइल पुन्हा 0001 क्रमांकाने आणि ‘इनिशियल’ याच नावाने तयार झाली. नोंदींच्या तक्त्यात त्या नावाची फाइल आधीच चालून गेल्याची नोंद होती. म्हणून मायग्रेटने ‘करण्यासारखे काही नाही’ असे सांगितले आणि तुमचे नवे फील्ड डेटाबेसपर्यंत पोहोचलेच नाही. जँगोने आपली नोंद वाचून दिलेले उत्तर बरोबर होते, फक्त ती नोंद आता वस्तुस्थितीशी जुळत नव्हती.

तुमचा डेटाबेस एसक्यूलाइट (सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणारा) आहे आणि आतली माहिती सरावापुरती आहे, तेव्हा आज डेटाबेसची फाइल आणि मायग्रेशन फाइली दोन्ही एकत्र काढून (फोल्डर आणि त्यातली इनिट फाइल ठेवून) नव्याने सुरुवात करायला हरकत नाही. यापुढे मात्र एकच बाजू कधीही पुसू नका. शेवटचा बदल मागे घ्यायचा असेल तर ‘मायग्रेट’पुढे ॲपचे नाव आणि आधीच्या फाइलचा क्रमांक द्या, डेटाबेस मागे गेल्यावर मगच नको असलेली फाइल काढा. ‘शोमायग्रेशन्स’ चालवलेत तर कोणती फाइल लागू झाली आहे ते फुलीच्या खुणेने दिसते. गोंधळ वाटला की आधी हीच आज्ञा चालवावी. आणि ‘मेकमायग्रेशन्स’ला काहीच बदल दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत तुमच्या ॲपचे नाव आहे का ते तपासा.

एरर वाचण्याबद्दल थोडे सांगतो, कारण बरेच शिकणारे ते लांबलचक पान पाहताच ते बंद करतात. टर्मिनलमध्ये शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा. शेवटची ओळ काय बिघडले ते सांगते. तिच्या वरच्या ज्या ओळींत ‘साइट-पॅकेजेस’ हे फोल्डर दिसते त्या फ्रेमवर्कच्या स्वतःच्या आहेत, त्या सोडून द्या, आणि तुमच्या फाइलचे नाव असलेली सर्वांत खालची ओळ शोधा. बहुतेक वेळा दुरुस्ती तिथेच किंवा तिच्या आसपास असते. टेम्प्लेट सापडले नाही तर जँगोने कोणकोणत्या फोल्डरांत शोध घेतला त्याची यादी ब्राउझरमधल्या पानावर असते, आणि डीबग चालू असताना आलेल्या 404 च्या पानावर तपासलेले सगळे यूआरएल पॅटर्न क्रमाने दिलेले असतात. तुमची फाइल त्या यादीतल्या एकाही जागी नसेल, तर ती कुठे हलवायची हे तिथेच कळते.

राहिली सीएसएस. डीबग बंद केल्यावर विकासासाठीचा सर्व्हर स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रे वगैरे) देणे थांबवतो, आणि हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे. खऱ्या साइटवर ते काम एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर किंवा व्हाइटनॉइज हे पॅकेज करते. शिकत असताना डीबग चालूच ठेवा. साइट लोकांपुढे ठेवायची वेळ येईल तेव्हा ते बंद करा, अलाउड होस्ट्समध्ये आपले डोमेन लिहा, स्टॅटिक रूटचा मार्ग ठरवा आणि ‘कलेक्टस्टॅटिक’ चालवून सगळ्या फाइली त्या फोल्डरमध्ये गोळा करा.