वैद्यांना विचारा : भाकर सोडावी का?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. माझे वय 42 असून सध्या निंदणाचे दिवस असल्यामुळे मी सकाळी आठ वाजता नुसता चहा घेऊन शेतात जाते, दुपारी दोनच्या सुमारास शिदोरी सोडते आणि रात्री घरातल्या सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर साडेनऊ-दहाला जेवते. दोन महिन्यांपासून जेवल्यावर पोट फुगते, आंबट ढेकर येतात, सकाळी पोट साफ होत नाही आणि अंग जड वाटते. अग्नी मंद झाला आहे, ज्वारीची भाकर सोड, असे शेजारच्या बाया सांगतात. ते खरे आहे का? रोज घेता येईल असे एखादे चूर्णही सांगावे.

उत्तर : ताई, भाकर सोडू नका. अग्नी मंद झाला असावा हे तुमच्या लक्षणांवरून पटते, पण त्याचा दोष ज्वारीला देणे मला मान्य नाही. आयुर्वेदाने जठराग्नी, म्हणजे अन्न पचवण्याची शक्ती, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद अशी चार प्रकारची मानली आहे. पावसाळ्यात हा अग्नी मुळातच दुबळा होतो, कारण तापलेल्या जमिनीतून निघणारी वाफ, आंबट विपाकाचे (पचनानंतर आंबट परिणाम करणारे) पाणी आणि त्यातला गढूळपणा यांमुळे वात, पित्त, कफ हे दोष बिघडतात, असे आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ऋतुचर्येत सांगितले आहे. तुमचा त्रास कदाचित या ऋतूने सुरू झाला असेल; तो टिकून राहिला आहे तो मात्र जेवणाच्या वेळांमुळे.

चरकसंहितेत अडवू नयेत असे 13 वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाजती, सांगितले आहेत. मल, मूत्र, शिंक, ढेकर हे त्यात आहेत हे अनेकांना ठाऊक असते, परंतु भूक, तहान आणि झोप यांचीही गणना तिथेच केलेली आहे. माझ्याकडे येणाऱ्या शेतकरी बायांपैकी कितीतरी जणी शेतात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात आणि दहाच्या सुमारास लागलेली भूक चहावर, कधी खर्‍यावर मारतात. तुम्ही खर्‍याचा उल्लेख केलेला नाही. सवय असेल तर ती आधी सोडा, कारण त्यातल्या सुपारी-तंबाखूने तोंड पुरते उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. भूक असताना काही नाही आणि भूक मेल्यावर, दिवसभराच्या थकव्यात, उरलेले वाया जाऊ नये म्हणून पोटभर, अशा अवेळी खाण्याला शास्त्रात विषमाशन म्हणतात. त्यावर लगेच अंथरुणाला पाठ टेकली की अन्न पोटात पडून राहते.

म्हणून उपाय वेळेपासून सुरू करा. उठल्यावर ढेकर शुद्ध असावी, अंग हलके वाटावे आणि खरी भूक लागावी, ही आधीचे अन्न पचल्याची खूण आहे. ढेकरेला रात्रीच्या भाजीचा वास येत असेल आणि जिभेवर पांढरा थर असेल, तर कोमट पाणी घेऊन भुकेची वाट पाहा. मग शेतात निघण्यापूर्वी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, जिरे-मीठ घालून, कोमट झाल्यावर त्यात ताजे ताक मिसळून वाटीभर खा. ताक भरपूर पाणी घालून घुसळलेले असावे. आंबट ताकाने तुमचे ढेकर वाढतील. पाणी उकळून सोबत न्या आणि थोडे थोडे पीत राहा. रात्री आठच्या आत वरण-भात किंवा भाकर आणि साधी भाजी घ्या; तर्रीची भाजी, वडा-भात आणि श्रावणी सोमवारची साबुदाण्याची उसळ काही दिवस बाजूला ठेवा, कारण तीही पचायला जडच असते. लवकर जेवायचे तर घरच्यांसोबतच बसावे लागेल, आणि हे तुमच्या एकटीच्या हातात नाही याची मला जाणीव आहे. त्यामुळे हे उत्तर घरातल्या मोठ्यांनाही वाचायला द्या.

चूर्णाविषयी : सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग यांचे हिंग्वाष्टक चूर्ण तुपाबरोबर पहिल्या घासात घेतात, आणि पोटफुगीवर ते चांगले आहे. तथापि ते उष्ण असून त्यात मीठ असते, म्हणून आंबट ढेकर असलेल्या तुम्हाला, आणि रक्तदाब असेल तर विशेषतः, ते वैद्यांना न विचारता रोज घेऊ नये असे मी सांगेन. अंगदुखीसाठी गोळ्या घेत असाल तर त्याही जठराला त्रास देतात; त्यांचा उल्लेख तपासणीच्या वेळी जरूर करा.

बद्धकोष्ठ आणि जडपणा थायरॉईड किंवा रक्तक्षयामुळेही असू शकतो, आणि त्रास दोन महिने जुना असल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात एकदा रक्त तपासून घ्या. वजन आपोआप उतरणे, शौचास डांबरासारखे काळे होणे किंवा रक्त पडणे, घास गिळताना अडकणे, वारंवार उलट्या होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर कण्या-ताकाच्या परिणामाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.