उन्हात फवारलेला एनपीव्ही (अळीला रोग लावून मारणारा विषाणू, जो औषधासारखा फवारतात) फुसका का निघतो? ऊन त्याच्या डीएनएचं नेमकं काय करतं, आणि त्यातून नवा धोकादायक विषाणू तयार होतो का?

हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी एनपीव्ही फवारणाऱ्यानेच हा प्रश्न विचारलेला दिसतो. पहिल्या भागासाठी जिंतूर तालुक्यातलं एक रान सांगतो, कारण "एनपीव्ही बोगस आहे" हे ऐकून कान किटलेत.

एक एकर हरभरा, घाटे भरायला लागलेले. बाटली एकच, पंपही एकच. अर्धं रान सकाळी ११ वाजता फवारलं, कारण माणूस तेव्हाच मिळाला. राहिलेलं संध्याकाळी साडेपाचला. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या तुकड्यात शेंड्याशेंड्याला अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. बोट लावलं की कातडी फुटून तपकिरी पाणी ओघळत होतं. सकाळच्या तुकड्यात मात्र अळी डोकं घाट्यात खुपसून खातच होती. दुकानदार म्हणाला, माल खराब आहे, रासायनिक न्या. माल खराब असता तर दुसऱ्या तुकड्यातल्या अळ्या कशाने मेल्या? सकाळचं औषध आपणच दुपारभर उन्हात उघडं टाकलं होतं.

आता त्या दुपारी पानावर काय झालं ते बघा. या विषाणूचा डीएनए सुमारे १ लाख ३१ हजार अक्षरजोड्यांचा. विषाणूकण प्रथिनाच्या स्फटिकात बंद असतात. हे कवच पावसापाण्यात टिकतं, मातीत अंधारात तर वर्षानुवर्षं टिकतं, पण अतिनील किरण त्यातून आरपार जातात. डीएनए सगळ्यात जास्त शोषतो ते २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण. ते ओझोनच अडवतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याची गोष्ट रानात लागू करू नका. जमिनीवर पोचतात ते २९० च्या पुढचे, आणि घात करायला तेवढे पुरतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन म्हणजे टी आणि सायटोसिन म्हणजे सी. एकाच धाग्यावर दोन थायमिन शेजारी-शेजारी असले की किरण शोषून ते एकमेकांना पक्के जुळतात आणि तिथे चार कार्बनचं कडं तयार होतं. थायमिन-सायटोसिनमध्येही अशी गाठ पडते. अळीच्या पेशीत शिरल्यावर या डीएनएच्या नकला काढणारं विकर (एन्झाइम) त्या गाठीपाशी अडून बसतं. नक्कल नाही म्हणजे वाढ नाही, आणि वाढ नाही तर अळी मरत नाही. पेशीबाहेर पडलेल्या विषाणूला स्वतःची गाठ सोडवता येत नाही. दुरुस्ती झालीच तर पेशीत शिरल्यावर. उघड्या पानावर एक-दोन दिवसांत त्याचा बहुतेक जोर जातो.

उत्परिवर्तन होतं, पण गाठ ओलांडून नक्कल निघाली तरच. गाठीतल्या सायटोसिनचा अमिनो गट गळतो, त्याचा युरॅसिल होतो, समोर चुकीचं अक्षर बसतं आणि पुढच्या पिढीत सी च्या जागी टी येतो. सीसी चं टीटी होणं ही तर अतिनील किरणांची ओळखीची खूण. पण एवढ्या गाठी बसलेला विषाणू बहुधा निकामी होतो, भयंकर होत नाही. माणसाला लागेल ही भीती सोडा. या कुळातले विषाणू कीटक आणि त्यांच्यासारख्या सांधेपायांच्या प्राण्यांपुरतेच आहेत.

फवारणी दिवस कलल्यावरच करा, म्हणजे रात्रभरात औषध अळीच्या पोटात जातं. मात्रा हेक्टरी ५०० एलई. १ एलई म्हणजे ६०० कोटी स्फटिक. बाटलीवर मिलीला किती लिहिलेत ते बघून हिशेब करा, झाकणाने मोजू नका. १५ लिटरच्या पंपाला साधारण ६ ग्रॅम राणीपाल आणि ७५ ग्रॅम गूळ. राणीपाल टाकलेला पांढरा सदरा उन्हात निळसर झळकतो ना? ती पावडर अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते. पानावर तेच काम ती विषाणूसाठी करते. या जातीची काही रसायनं अळीच्या आतड्याचं अस्तरही कमजोर करतात, तो वरचा फायदा. गुळामुळे अळी पान जास्त खाते.

एक कबूल करतो: त्या रानात संध्याकाळच्या तुकड्यातल्या अळ्या जरा लहान होत्या, आणि मोठी अळी एनपीव्हीला सहज दाद देत नाही. म्हणजे सगळा फरक उन्हाचाच असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच अळी बारीक असताना फवारा आणि चार ते सात दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून लागलीच दुकानात पळू नका.

आणि त्या लटकलेल्या अळ्या वेचून घ्या. एलई हे मापच एका रोगट अळीतून निघणाऱ्या विषाणूवरून आलंय. पाण्यात ठेचा, फडक्यातून गाळा, राणीपाल घाला आणि त्याच संध्याकाळी राहिलेल्या तुकड्यावर मारा.