‘कुठल्या तोंडाने विचारू?’ : आईसाठी केअर सेंटर शोधताना

“आईला तिथे ठेवलं आणि तिचे हाल झाले तर?” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी पन्नाशीतली बरीच माणसं कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. पहिल्या भेटीत मात्र नाही. पहिल्या भेटीत झोप लागत नाही, पाठ धरते, घरात कुरबुरी होतात, असं बोलणं चालतं. सुनंदाताईंचंही (नाव बदललं आहे) तसंच झालं.

ताई पुण्यात बँकेत. मुलगी बारावीला, नवरा फिरतीच्या नोकरीवर, भाऊ डॅलसला. आईला ८१ वर्षं. पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. ब्युरोच्या मावश्या अकरा महिन्यांत सात बदलल्या. रात्री आईला कुशीवर वळवता वळवता ताईंची स्वतःची कंबर गेली, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, आता केअर सेंटर बघा.

तिसऱ्या भेटीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. सिंहगड रस्त्याच्या पुढची एक जागा. छान बाग, लॉबीत सोफे, काचेच्या पेटीत गणपती. दुसऱ्या दिवशी डिपॉझिट भरायचं ठरलं होतं. भावानेही सांगितलं होतं, पैशांकडे बघू नकोस, सगळ्यात चांगलं तेच घे.

“खोल्या पाहिल्यात?”

“एक दाखवली. रिकामी होती.”

“तिथल्या आजी-आजोबांशी बोललात?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “कुठल्या तोंडाने विचारू हो? आईला सोडून येणार मी, आणि वर चौकशा करायच्या?”

हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! आपण आईला टाकतोय असं ज्याला मनातून वाटतं, तो तिथे मान खाली घालून जातो. लवकर सही करतो, जास्त पैसे भरतो आणि निघतो. सोफे त्याला पुरतात, कारण त्याहून आत पाहायची त्याची हिंमत नसते. जागा निवडताना होणाऱ्या चुका माहितीअभावी कमी आणि या अपराधीपणापोटी जास्त होतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. म्हणून मी ताईंच्या हातात प्रश्नांची यादी लगेच दिली नाही. विचारलं, मुलगी लहान असताना पाळणाघर कसं निवडलं होतं?

त्यांचा चेहराच बदलला. तीन पाळणाघरं पाहिली होती, एका ठिकाणी तर दुधाची बाटली हुंगून पाहिली होती. तेव्हा लाज वाटली नव्हती. “ती बाटली हुंगणारी बाई तिथे पाठवा,” मी म्हटलं.

डिपॉझिट थांबलं. ताई त्याच जागी पुन्हा गेल्या, या वेळी न कळवता, रविवारी दुपारी चारला. कोपऱ्यातल्या एका आजींच्या पलंगाला पोझिशन चार्ट लटकवलेला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर जखमा होतात. त्याच्या नोंदी त्या कागदावर करतात. चार वाजले होते आणि कागदावर संध्याकाळी सहाची, रात्री आठची, दहाची सही आधीच झालेली होती. एकाच पेनाने, एका दमात. आजी मात्र उताण्याच होत्या, ओठ कोरडे पडलेले, पाण्याचं भांडं हात पोहोचणार नाही अशा कपाटावर. ताईंनी विचारलं, रात्री कुणी ओरडलं तर काय करता? उत्तर आलं, “गोळी देतो. शांत झोपतात.”

या उत्तराला मी फार वजन देते. भ्रम किंवा चिडचिड आवरायला दिली जाणारी काही औषधं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. डॉक्टर गरज पाहून देतील तो भाग वेगळा. पण कर्मचारी कमी म्हणून गोळी, किंवा हात पलंगाला बांधणं, ही सेवा नव्हे. चांगल्या ठिकाणी आधी विचारतात, आजी का ओरडतात? दुखतंय का, ओलं झालंय का, लघवी अडली आहे का?

कागदांचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खासगी हॉस्पिटल, त्याला १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. वृद्धाश्रम, केअर सेंटर या पाट्यांमागे मात्र ट्रस्ट, संस्था, कंपनी, काहीही असू शकतं. पाटी वाचून समाधान मानू नका. नोंदणी कशाची, डॉक्टर कोण, किती दिवसांनी येतात, मध्यरात्री दम लागला तर कुठल्या हॉस्पिटलला आणि कशातून नेणार, हे विचारा. आगीसाठी २००६ चा राज्याचा कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, ते मागा. आणि स्वतः जिना चढून पाहा. न चालणारी माणसं तिसऱ्या मजल्यावर आणि खाली उतरवायला रात्री दोनच हात, असं असेल तर कागद कितीही चोख असोत, मी नको म्हणेन.

ताईंनी आणखी दोन ठिकाणं पाहिली. दुसरं वारज्याच्या बाजूला, जुन्या बंगल्यात, भिंतींचे पोपडे निघालेले. तिथे त्या संध्याकाळी साडेसहाला पोचल्या, जेवणाच्या वेळी. पॅरालिसिसनंतर गिळणं मंदावतं. आडवं ठेवून घाईघाईने भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. इथे एका आजोबांना उशा लावून बसवलं होतं. मावशी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या होत्या. मऊ भाताचा अर्धा चमचा, मग थांबणं. “गिळलं का काका? आ करा बघू.” तोंडात काही उरलं नाही हे पाहून मगच पुढचा घास. आजोबांची नखं कापलेली होती. रात्री किती जण असतात विचारल्यावर बाईंनी तिघांची नावं सांगितली आणि त्यातल्या एकीला हाक मारून भेटवलं.

ताई मला म्हणाल्या, “पण तिथे रंग उडालाय हो. दादा काय म्हणेल?”

दादांशी एकदा व्हिडिओ कॉलवर मीच बोलले. पैसे पाठवून त्यांचं मन शांत होत नव्हतं, ते त्यांनाही कळत होतं. आई वारज्याच्या त्या बंगल्यातच राहायला गेली. आता दर बुधवारी आपल्या संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, आईच्या जेवणाच्या वेळी ते फोन लावतात. ताई आठवड्यातून दोनदा जातात, ठरलेला वार न ठेवता. ज्यांच्याकडे असं जाणारं कुणी नाही किंवा जिथे काही खटकतं, त्यांना मी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा हेल्पलाइन क्रमांक आवर्जून देते.

महिनाभराने ताईंचा फोन आला, आवाज घाबरलेला. आईच्या डाव्या टाचेवर लाल चट्टा दिसला होता, बोटाने दाबला तरी पांढरा न होणारा. जखमेची ही पहिली खूण. मी म्हटलं, रडू नका, आधी रजिस्टर मागा, विचारा. या वेळी कुठल्या तोंडाने हा प्रश्न त्यांनी काढला नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. “सकाळी सहाची नोंद आहे, सिस्टरच्या अक्षरात. डॉक्टरांना कळवल्याचीही. मला त्या दुपारी फोन करणारच होत्या म्हणाल्या.” मग थोडं थांबून, “मी पांघरूण वर करून पाहिलं. पोटरीखाली उशी होती हो. टाच अधांतरी ठेवली होती.”