कुंभार्ली उतरण्यापूर्वी

सातारा,
मे अखेर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. आषाढात कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे, तेथून गुहागर, तवसाळ, जयगड, रत्नागिरी असे किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जावे आणि रात्री गाडीतच राहावे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. रोजचे अंतर तू फार काळजीपूर्वक मांडले आहेस. मुक्कामाच्या रकान्यात मात्र सगळीकडे ‘समुद्राजवळ कुठेतरी’ एवढेच लिहिले आहे. पावसाळ्यातल्या कोकणात अशा प्रवासाचे खरे कौशल्य गाडी उभी करण्यात असते, म्हणून हे पत्र मुख्यतः त्या रकान्याविषयी आहे.

आपण सातारकर पावसाच्या बाबतीत थोडे गाफील असतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास, त्यामुळे मोठा पाऊस म्हणजे माथ्यावर जाऊन पाहून यायची गोष्ट, असे आपल्या मनात बसलेले असते. माथ्यावर पडलेले ते पाणी खाली काय करते, हे जुलै 2021 मध्ये दिसले. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असल्यामुळे माथ्यावरचे पाणी काही तासांतच खाडीच्या तोंडाशी येते, आणि नेमकी तेव्हा भरती असली तर त्याला समुद्रात शिरायला वाट मिळत नाही. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना समोरचे आकाश पाहून भागत नाही. मागे सह्याद्रीवर काय चालले आहे, हेही हवामान खात्याच्या इशाऱ्यात रोज पाहिले पाहिजे. नदीकाठ, खाडीकाठ आणि कोरड्या दिसणाऱ्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाची सपाट जागा, या तिन्ही जागा आषाढात वर्ज्य समज.

भरतीची वेळ भ्रमणध्वनीवर मिळते, पण जिथे रेंज नसते तिथे कोळ्यांचा जुना हिशेब कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दिवसातून दोन भरत्या येत असल्याने पंचमीचे पावणेचार दुपारचेही आणि पहाटेचेही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्या बरेच वर चढते, आणि त्यात पश्चिमेचा वारा असला तर आणखी वर. पुळणीवर गाडी उतरवण्याचा मोह तुला होईल, कारण ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट भासते. जड गाडीचे चाक त्या वाळूत एकदा फिरू लागले की ती आसापर्यंत बसते, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे बंदरावर हात द्यायलाही नेहमीची माणसे नसतात. शिवाय बहुतेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाईच आहे, आणि ती योग्य आहे असे माझे मत आहे.

मग उभे राहावे कुठे? सुरूच्या बनात नको, कारण त्यांची मुळे वाळूत फार खोल जात नाहीत. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-दापोलीकडच्या किनाऱ्यावर किती झाडे आडवी झाली, ते आठव. नारळाखाली नको, हे सांगायला नकोच. रस्ता रुंद करण्यासाठी कापलेल्या लाल मातीच्या उभ्या दरडीखाली तर अजिबात नको. विजेचे खांब कललेले दिसले किंवा उतारावरून एकाएकी गढूळ पाणी येऊ लागले, तर चहा टाकून निघावे. सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, जांभ्याचा कातळ चाकाखाली पक्का असतो आणि त्यावर पाणी फार ठरत नाही, पण तिथे वाऱ्याला आणि विजेला आडोसा नाही, आणि तुझ्या गाडीची उंची पाहता वाऱ्याला तोंड देऊन उभी केल्याशिवाय झोप लागणार नाही. माझी पसंती सड्याच्या खालच्या अंगाला, वाडीजवळच्या देवळाच्या फरसबंद आवाराला आहे. गुरवाला किंवा पोलीस पाटलांना आधी विचार, आपण कोण, कुठले, किती दिवस, हे नीट सांग, आणि कचरा व मैला तिथे टाकणार नाही याची हमी दे. हे सगळे उजेडी व्हायला हवे, म्हणून दुपारी चारनंतर नवा रस्ता धरू नये. तुझ्या बेतातल्या आठ ठिकाणांऐवजी तीन ठिकाणे निवडलीस तर हे सहज जमेल.

रस्त्यांविषयी थोडक्यात. तवसाळ-जयगड फेरीबोट समुद्र खवळला की बंद राहते, तेव्हा आतल्या रस्त्याने मोठा वळसा पडतो; त्यासाठी एक दिवस हाताशी ठेव. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार उचलते, आणि दोन फुटांत तुझी गाडीही सुरक्षित नाही. पाण्याखाली पूल शिल्लक आहे, हेही गृहीत धरू नये. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुराच्या रात्री कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्या त्यात गेल्या.

आता गाडीच्या आतले. बाहेरच्या पावसापेक्षा आतला ओलावा तुला जास्त छळेल. दोन माणसांच्या श्वासाची आणि भाताच्या पातेल्यातली वाफ थंड पत्र्यावर धरते, प्लायवूडच्या छतात ठोकलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पहाटे एकेक थेंब लोंबू लागतो आणि नेमका उशीवर पडतो. चौथ्या दिवशी गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी दिसते. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी कर, म्हणजे हवा खेळेल; छतावर छोटा पंखा बसव, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच रात्रभर बोटभर उघडी ठेव. ती काच केवळ ओलाव्यासाठी नाही. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणे जीवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो, त्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. सौर पॅनेलवर मात्र भिस्त ठेवू नकोस. बॅटरी इंजिनवर चार्ज होईल अशी जोडणी करून घे.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. आसने काढून पलंग बसवलास, त्याची नोंद आरटीओत झाली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. नोंदणीपुस्तक आणि विम्याचे कागद घेऊन येत्या रविवारी सकाळी घरी ये. सोबत गाडीही आण; टायर आणि वायपर मला एकदा डोळ्यांनी पाहायचे आहेत.

कळावे,
तुझा काका