बॅजवरचे शून्य

प्रश्न : मी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे. माझ्या टीएलडी बॅजच्या (अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदणाऱ्या बिल्ल्याच्या) सलग चार तिमाही अहवालांत शून्य आले आहे. बॅज बिघडला असेल का? काही सहकारी काम संपले की बॅज शिशाच्या ॲप्रनलाच अडकवून घरी जातात. त्याने काही बिघडते का?

उत्तर : बॅज बिघडला असण्याची शक्यता कमी आहे. अहवालातील शून्याचा अर्थ, नोंदवता येईल अशा किमान पातळीपेक्षा तुमची मात्रा कमी होती, एवढाच असतो. शिशाच्या काचेआडून बटण दाबणाऱ्या तंत्रज्ञाच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. मात्र किरण असताना बॅज अंगावर होता, तरच या शून्याला अर्थ आहे.

बॅजमधील स्फटिक किरणांची ऊर्जा साठवून ठेवतो आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. त्या प्रकाशावरून मात्रा काढतात. ती कोणाची, हे स्फटिकाला कळत नाही. ॲप्रन क्ष-किरण खोलीतच टांगलेला असेल, तर रात्रपाळीतले विखुरलेले किरण दिवसपाळीच्या माणसाच्या नावावर चढतात. उलट बॅज खणात राहिला, तर खरोखर मिळालेली मात्रा नोंदलीच जात नाही. मला दुसरी चूक अधिक गंभीर वाटते, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर, त्याची खिडकी बाहेरच्या बाजूला राहील असा लावावा. खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी त्याच्यापुढे आली, तर नोंद कमी भरते. स्वतःचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून घेताना मात्र तो काढून ठेवावा, कारण ती मात्रा कामाची नव्हे. रुग्णाजवळ उभे राहून किरणांखाली काम करणाऱ्यांनी दुसरा बॅज ॲप्रनबाहेर गळ्यापाशी लावणे योग्य, कारण डोळ्याच्या भिंगाच्या मात्रेचा अंदाज त्यावरूनच येतो. पूर्वी भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक) चालत असत. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये ही शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टवर आणली. संपूर्ण शरीरासाठीही आयोगाने सुचवलेली सरासरी मर्यादा तितकीच असून कोणत्याही एका वर्षात ५० ओलांडू नयेत.

एखाद्या दिवशी बॅज खोलीत राहिलाच, तर ती तारीख त्याच दिवशी विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवावी. त्या दिवशीच्या कामावरून तुमच्या मात्रेचा अंदाज बांधून नोंद दुरुस्त करता येते; तिमाही उलटल्यावर ते फार अवघड होते.