पंधरा मिनिटांच्या कामासाठी इतकी वर्षे?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १५ मिनिटांत आटोपली. माझी मुलगी सध्या कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे आणि तिला पुढे नेत्रविकारच घ्यायचे आहे. एवढ्याशा कामासाठी आणखी ३ वर्षे घालवावीत का?
– एक वाचक, कागल

उत्तर : एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, नंतर नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि एमएस किंवा डीएनबी या पदव्युत्तर शिक्षणाची ३ वर्षे हा हिशेब आपल्याला ठाऊक असेलच. डोळ्याचा पडदा (रेटिना) किंवा काचबिंदू यांत विशेष काम करायचे असल्यास फेलोशिपची, म्हणजे त्या विषयातल्या खास प्रशिक्षणाची, आणखी एक-दोन वर्षे धरावी लागतात.

आईंच्या डोळ्यात जे १५ मिनिटांत घडले, त्यात गढूळ झालेले भिंग फोडून बाहेर काढायचे असते आणि त्यामागचे आवरण मात्र शाबूत ठेवायचे असते. हे आवरण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असते, आणि ते फाटले तर कृत्रिम भिंगाला नेहमीचा आधार उरत नाही. फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडण्याच्या पद्धतीत छेद जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा असतो. दोन्ही हात उपकरणांवर, एक पाय सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर आणि दुसरा फेको यंत्राच्या पेडलवर, अशी चार अवयवांची जुळणी सुरुवातीला कोणालाच साधत नाही. म्हणून विद्यार्थी आधी बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवतात आणि मग ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा करू लागतात.

तरीही माझ्या मते ही ३ वर्षे हातापेक्षा निर्णयासाठी अधिक लागतात. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. ऊसतोडीच्या हंगामात पाल्याची धार डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी शिरू शकते. रुग्ण औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतो. त्यांत स्टिरॉइड असेल तर दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट पसरते. अशा वेळी जखमेची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि योग्य औषध कित्येक आठवडे नेटाने चालवणे, यावर तो डोळा वाचणे अवलंबून असते. यात टाका नाही की भुलेचे इंजेक्शन नाही, आणि नातेवाइकांना तर ‘डॉक्टरांनी नुसते थेंब दिले’ असेच वाटते. हे ओळखणे पुस्तकातून येत नाही. ओपीडीत शेकडो लाल डोळे पाहिल्यावरच येते.

मुलीने एक गोष्ट मात्र अर्ज भरण्यापूर्वी तपासून घ्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली खोलीचा अंदाज येण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी एकत्रित पाहता यावे लागते. लहानपणी तिरळेपणा असेल किंवा एक डोळा आळशी, म्हणजे नजरेने कमकुवत, राहिला असेल, तर ही क्षमता कमी असू शकते. साध्या चष्म्याने काही बिघडत नाही.