गणित सोडू नका, ज्वालामुखीचं नंतर बघू

प्रश्न: मी वसमत तालुक्यातला शेतकरी. मुलगी दहावी झाली. सगळे म्हणतात, पीसीबी घेऊन नीटची तयारी करू द्या. तिच्या डोक्यात मात्र ज्वालामुखीजवळचे भूकंप बसलेत. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचे व्हिडिओ सारखे बघते. एक नातेवाईक म्हणाले, गणिताऐवजी भूगोल घे, भूकंप त्यातच येतो. आमच्या भागात जमिनीतून गुरगुर ऐकू येते, लोक म्हणतात खाली ज्वालामुखी जागा होतोय. या शिक्षणाला आपल्याकडं काही भवितव्य आहे का?

उत्तर: नमस्कार भाऊ,

आधी गुरगुरीचं, कारण घरची भीती गेल्याशिवाय करिअरचं बोलणं होत नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. आता खाली ज्वालामुखी नाही. लहान भूकंप फार उथळ झाला, की धक्का जाणवो न जाणवो, आवाज येतो. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, जुलैत पुन्हा तेवढाच. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा ६.२ चा भूकंपही प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्याच्या, पोटातलाच, ज्वालामुखीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून घराची बांधणी नीट ठेवा, अफवा ऐकू नका.

मुलगी बघते ती गोष्ट वेगळी. एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते, खोल गेल्यावर तिच्यातलं पाणी सुटतं, त्यामुळं वरचा खडक कमी तापमानालाच वितळतो आणि हा वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, वर सरकतो. वाटेतला खडक फुटतो, तेव्हा शेकड्यानं, हजारानं लहान भूकंप होतात आणि त्यात एक ठळक मोठा धक्का नसतो. याला भूकंपांची मालिका म्हणतात. आपलीच भारतीय प्लेट अंदमानजवळ अशी खाली जाते, म्हणून तिथं बॅरन बेटाचा ज्वालामुखी धुमसतो. डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर महिनाभरातच अंदमान समुद्रात अशी मोठी मालिका झाली होती. तेव्हा हा विषय परदेशातलाच आहे असं समजू नका.

या कामात खरं कौशल्य कुठं लागतं ते सांगतो. भूकंपमापकाच्या नोंदीत खडक फुटल्याचा भूकंप टोकदार सुरू होतो, दाट रेघा उमटतात आणि विरतो. दुसरा प्रकार संथ हेलकाव्यांचा, सुरुवात नेमकी कुठं झाली तेच कळत नाही. बोअरला पाणी यायच्या आधी पाइपात हवा हुंदके देते ना, तसं काहीसं: भेगांत अडकलेला वायू किंवा मॅग्मा कंप पावतो. दुसरे वाढू लागले, की शास्त्रज्ञांची झोप उडते. फिलिपिन्सच्या पिनाटुबोला १९९१ च्या वसंतात भूकंप सुरू झाले, ते वाचून हजारो लोकांना हलवलं आणि १५ जूनला डोंगर फुटला. सँटोरिनीत २०२५ च्या सुरुवातीला हजारो भूकंप झाले, अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले, पण ज्वालामुखी फुटला नाही. जपानच्या मात्सुशिरोला १९६५ पासून काही वर्षं जमीन थरथरत राहिली, तिथंही उद्रेक झाला नाही. ज्याला नक्की उत्तराशिवाय चैन पडत नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विषयांचं. तुमच्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण चुकीचा आहे. भूकंपाचं काम म्हणजे लहरींचं भौतिकशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटर. खडक-खनिजांकडं वळायचं असेल तर गणिताशिवाय काही वाटा निघतात, लहरींकडं नाही. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घ्या. नीटचं दार उघडं राहील. ओझं वाढेल, ते खरं. पण नीटच्या रांगेत शेजारच्यांच्या सांगण्यावरून उभी राहिलेली मुलं मी रोज बघतो, त्यापेक्षा हे ओझं बरं.

बारावीनंतर भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी, मग भूभौतिकीत, म्हणजे पृथ्वीच्या भौतिकशास्त्रात, एमएस्सी. त्यासाठी आयआयटींची जॅम परीक्षा आहे. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथले अभ्यासक्रमही बघा. संशोधनाला हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, कोयनेच्या भूकंपांसाठी कराडची केंद्र सरकारची प्रयोगशाळा. सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, तिला पदव्युत्तर पदवी लागते. निव्वळ ज्वालामुखीवर पोट भरेल अशा जागा भारतात थोड्याच. हेच शिक्षण घेऊन तेलकंपन्यांत, भूजल शोधण्यात, धरणांच्या पाहणीत काम मिळतं. पगाराची चिंता तिथं मिटते, ज्वालामुखीची हौस संशोधनात भागवता येते.

सुट्टीत एक करून बघा. सँटोरिनीच्या २०२५ च्या भूकंपांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते. रोज किती, किती खोल, कुठं सरकले, याचा आलेख तिला वहीत हातानं काढू द्या. भूकंपाच्या नोंदीतली पहिली आणि दुसरी लहर यांच्यातल्या सेकंदांना आठनं गुणलं, की भूकंपाचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये निघतं, तेही शिकवा. व्हिडिओ न बघता आठवडाभर ती त्यात रमली, तर अकरावीच्या फॉर्मवर गणित लिहा. कंटाळली, तरी गणित लिहा. फक्त ज्वालामुखीचा विषय दोन वर्षं घरात काढू नका.